विमानाला गेलेला तडा बुजवत नाहीत

२०१९ चा सप्टेंबर. चीनमध्ये एका भरपूर वापरलेल्या बोइंग ७३७ प्रवासी विमानाचं मालवाहू विमान करायचं काम चाललं होतं. अशा कामात विमान आतून पार उघडं करतात. खुर्च्या, जमीन, भिंतींचं अस्तर सगळं निघतं. तेव्हा पंख जिथे धडाला मिळतो तिथल्या एका जाडजूड भागाला तडा गेलेला दिसला. या भागाला कामगारांच्या बोलीत ‘पिकल फोर्क’ म्हणतात, म्हणजे लोणचं काढायचा दोन दातांचा काटा, कारण तो दिसतोच तसा. धड आणि पंख यांच्यातला पीळ आणि ओढाताण तो सोसतो. ९० हजार उड्डाणं टिकेल असा त्याचा हिशोब होता. या विमानाची त्याच्या निम्मीही झाली नव्हती.

अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेनं हुकूम काढला: ३० हजारांहून जास्त उड्डाणं झालेली अशी सगळी विमानं सात दिवसांत तपासा. पहिली ८१० तपासली, त्यातल्या ३८ विमानांत तडे निघाले.

माझी उमेदीची वर्षं विमानांच्या सांगाड्याची तपासणी आणि दुरुस्ती करण्यात गेली. त्यामुळे अशी बातमी आली की घरचे, शेजारपाजारचे मलाच विचारतात, “तडा गेलेलं विमान उडू कसं देतात?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात दिलं तर लोकांना धक्का बसतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ते वाक्य असं: बरीच वर्षं उडालेल्या विमानात कुठे ना कुठे बारीक तडा असणारच, असं धरूनच त्याची देखभाल आखलेली असते. तो किती लांब आहे, किती वेगानं वाढतोय आणि तो धोक्याचा होण्याआधी कुणाची तरी नजर त्यावर नक्की पडणार आहे का, यावर सगळं अवलंबून असतं.

लहानपणी आपण सगळ्यांनी तार हातानं तोडली आहे. ओढून ती तुटत नाही. पण तीच इकडे-तिकडे वाकवत राहिलं की दहाव्या-पंधराव्या वेळेला पटकन तुटते. जोर वाढवलेला नसतो, फक्त पुन्हा पुन्हा लावलेला असतो. याला धातूचा थकवा म्हणतात. विमानाचं धड प्रत्येक उड्डाणात एकदा ‘वाकतं’. वर हवा विरळ असते, म्हणून आत हवा दाबून भरावी लागते. ३५ हजार फुटांवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की धडाच्या दर चौरस मीटरवर आतून साधारण साडेपाच टनांचा रेटा बसतो. ७३७ सारख्या विमानाची स्किन, म्हणजे बाहेरचा पत्रा, बऱ्याच ठिकाणी जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असतो. विमान वर गेलं की धड फुगतं, खाली आलं की बसतं. हा झाला एक फेरा.

म्हणून विमानाचं वय नुसतं वर्षांत मोजून भागत नाही. तासांतही नाही. मुंबई-गोवा अशा तासाभराच्या फेऱ्या दिवसातून सहा वेळा मारणारं विमान आणि मुंबई-न्यूयॉर्क एकदाच जाणारं विमान, दोघांची वर्षं सारखी असली तरी पहिल्याचं धड कितीतरी जास्त थकलेलं असतं. हँगरमध्ये जुनं विमान आलं की पहिला प्रश्न असतो, “सायकल किती झाल्या?” सायकल म्हणजे हे फुगण्या-बसण्याचे फेरे.

तडा सुरू होतो तो बहुतेक वेळा भोकापासून. पत्र्यात गोल भोक पाडलं की त्या भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो. आणि एका विमानात रिवेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, भोकं लाखांनी असतात. त्यात पावसाळी, खाऱ्या हवेत राहणाऱ्या विमानाला गंज लागतो. गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डासुद्धा तड्याला जन्म द्यायला पुरतो.

आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला एक तारीख पाठ असते, २८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवरचं हिलो ते होनोलुलू हे छोटंसं उड्डाण. अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७, आत ९५ माणसं. २४ हजार फुटांवर असताना केबिनच्या पुढच्या भागाचं छप्पर साधारण १८ फूट लांबीत उडून गेलं. क्लॅराबेल लान्सिंग नावाच्या हवाई सुंदरी त्या वेळी उभ्या होत्या. त्या बाहेर खेचल्या गेल्या आणि पुन्हा सापडल्या नाहीत. प्रवासी सगळे पट्टे बांधून बसलेले होते. वैमानिकांनी ते उघडं विमान तेरा मिनिटांत माउई बेटावर उतरवलं आणि बाकीची ९४ माणसं वाचली, हे आजही वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

ते विमान १९ वर्षांचं होतं. ३५,४९६ तास उडालेलं, पण उड्डाणं ८९,६८०. म्हणजे सरासरी एक उड्डाण २४ मिनिटांचं. बेटावरून बेटावर, समुद्राच्या खाऱ्या हवेत. त्या मॉडेलची आखणी ७५ हजार उड्डाणांसाठी झालेली होती. पत्र्याचे दोन भाग जिथे एकावर एक येतात, तो सांधा गोंदानं चिकटवून वर रिवेट मारलेला होता. गोंद सुटला. मग सगळा भार रिवेटवर आला. रिवेटचं डोकं पत्र्यात सपाट बसावं म्हणून भोकाला वरून उतार दिलेला असतो. पातळ पत्र्यात तो उतार इतका खोल गेला होता की भोकाची खालची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. अशा एकामागून एक भोकांना बारीक बारीक तडे गेले. एकेकटा तडा काही करू शकला नसता. ते सगळे एकमेकांना मिळाले आणि झिप उघडावी तसा सांधा उघडला.

चौकशीच्या अहवालातला एक भाग मला त्या छप्पर उडण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यात तपासनिसांचं काम कसं असतं ते लिहिलं आहे. मचाणावर किंवा थेट विमानाच्या पाठीवर चढायचं, घसरू नये म्हणून कधी हँगरच्या छताला बांधलेल्या दोराचा आधार घ्यायचा, एका हातात दिवा, दुसऱ्यात प्रोब, म्हणजे तडा शोधणाऱ्या यंत्राचं पेनासारखं टोक, आणि एकेका रिवेटभोवती केसाएवढा तडा शोधत पुढे सरकायचं. शेकडो रिवेट. काम कंटाळवाणं आहे, असं त्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. हे वाचून मला कुणीतरी आपली बाजू मांडल्यासारखं वाटलं होतं. पाचशे रिवेट चांगले निघाल्यावर पाचशे एकाव्याकडे त्याच नजरेनं बघणं फार अवघड असतं.

आता ते बघणं कसं असतं ते सांगतो.

पहिलं हत्यार डोळे. बहुतेक तपासणी आजही डोळ्यांनीच होते. बॅटरी समोरून मारायची नाही, पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी मारायची. मग बारीकसा उंचवटासुद्धा सावली टाकतो. रंगात केसासारखी रेघ दिसते का, पत्रा दोन रिवेटांच्या मध्ये उशीसारखा फुगलाय का, हे पाहायचं. रिवेटच्या मागे, वारा ज्या दिशेला जातो तिकडे, काळपट शेपटी दिसली तर थांबायचं. सैल रिवेट भोकात हलतो, घासून काळी भुकटी निघते आणि वाऱ्यानं मागे ओढली जाते. आम्ही म्हणायचो, “हा धूर सोडतोय.” भिंगानं दहा पट मोठं करून पाहायचं. जिथे डोकं जात नाही तिथे दांड्याला लावलेला छोटा आरसा.

शंका आली तर पुढचा उपाय म्हणजे रंग. त्या जागेवरचा पेंट काढायचा, लख्ख पुसायची आणि लाल पातळ द्रव लावायचा. दहा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं. तडा असेल तर द्रव आपोआप आत शिरतो. मग वरचा रंग पुसून टाकायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. सगळं पांढरं दिसतं, आणि बघता बघता त्या पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटते. आत शिरलेला रंग भुकटीनं शोषून वर ओढलेला असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ती रेघ लांब होत जाताना नुसता बघत राहिलो होतो. मात्र ही पद्धत वरपर्यंत उघडलेल्या तड्यालाच चालते.

म्हणून सगळ्यात जास्त भरवसा एडी करंटवर. पेनासारख्या प्रोबमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वीज गेली की खालच्या धातूत विजेचे छोटे भोवरे तयार होतात. धातू अखंड असेल तर भोवरे सुरळीत फिरतात. तडा असेल तर त्यांना वळसा घालावा लागतो, आणि तो फरक पडद्यावरच्या ठिपक्यात दिसतो. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर मशीन एका नमुन्याच्या तुकड्यावर लावून पाहतात. त्या तुकड्यात मुद्दाम ठराविक मापाची चीर पाडलेली असते. ती चीर मशीनला दिसली, तरच विमानावरच्या “तडा नाही” या उत्तराला अर्थ. काम संपल्यावर ती चीर नीट दिसली नाही, तर मधे तपासलेलं सगळं पुन्हा तपासायचं. प्रोब जरा तिरका झाला तरी ठिपका हलतो. तो प्रोबच्या हलण्यानं हलला की तड्यानं, हे हाताला कळायला वर्षं जातात. खालच्या थरातला तडा शोधायचा तर वारंवारता कमी करतात, म्हणजे भोवरे खोल जातात. याशिवाय जाड भागांना अल्ट्रासाउंड, लँडिंग गिअरच्या पोलादाला चुंबकीय भुकटी आणि क्वचित एक्स-रे असतो.

पण ही हत्यारं कुठे आणि कधी लावायची हे ठरलेलं नसेल तर त्यांचा उपयोग नाही. हे फार महाग पडून कळलं आहे. १४ मे १९७७ ला झांबियातल्या लुसाकाजवळ डॅन-एअर कंपनीचं बोइंग ७०७ मालवाहू विमान उतरायला आलं असताना त्याचा शेपटीचा उजवा आडवा पंख तुटून पडला. सहाही माणसं गेली. त्या भागाची रचना अशी होती की एक मुख्य पट्टी तुटली तरी दुसऱ्या भार घेतील. कागदावर पुरेपूर सुरक्षित. पण पहिली पट्टी तुटली आहे हे वेळेत दिसेल अशी तपासणीच ठरवलेली नव्हती. एक तुटल्यावर बाकीच्यांवरचा भार वाढला आणि त्याही गेल्या.

त्यानंतर, १९७८ पासून, अमेरिकेत विमानाच्या रचनेचा नियम बदलला. तडा जाणार हे गृहीत धरा आणि तो किती सोसता येईल त्याचा हिशोब द्या. हा हिशोब समजायला सोपा आहे. समजा, एखाद्या जागी आपल्या हत्याराला ५ मिलिमीटरचा तडा खात्रीनं दिसतो. तो ५० मिलिमीटर झाला की तिथलं बळ संपतं. आणि ५ चा ५० व्हायला ९ हजार उड्डाणं लागतात. तर दर ३ हजार उड्डाणांनी तिथे पाहायचं. म्हणजे एखाद्या वेळी तपासनिसाकडून सुटलाच, तरी तो सापडायची आणखी संधी मिळते. तडा सुरुवातीला मुंगीच्या पावलानं चालतो आणि शेवटी धावतो. म्हणून “एवढा काळ काही झालं नाही, अजून थोडं थांबू” हा विचार इथे घातक ठरतो. विमानाची रचना ज्या देशात झाली तिथल्या नियामक संस्थेचा असा हुकूम आला की आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे भारतातल्या विमान नियामक संस्थेच्या, नियमांप्रमाणे तो इथेही पाळावाच लागतो. नागपूरच्या मिहानमधल्या हँगरमध्ये काम करणाऱ्या मुलांच्या हातात येणारं तपासणीच्या कामाचं कार्ड याच हिशोबातून निघालेलं असतं.

आता दुरुस्ती. सगळ्यांना वाटतं, तडा गेला तर वेल्डिंग का करत नाहीत? विमानाच्या पत्र्याचं ॲल्युमिनियम साधं नसतं. तांबं किंवा जस्त मिसळून, तापवून, झटकन थंड करून त्याला ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेनं ती ताकदच जाते. भरून काढावं असं लांबी-पुट्टीसारखं काहीही चालत नाही. तडा बुजवला तर तो दिसेनासा होतो आणि आतल्या आत वाढत राहतो.

तात्पुरता उपाय म्हणजे तड्याच्या टोकाला छोटं गोल भोक पाडणं. ऐकायला उलटं वाटतं. पण तड्याचं टोक अतिशय टोकदार असतं आणि सगळा ताण तिथेच एकवटतो. गोल भोकानं तो ताण पसरतो आणि तडा थबकतो. यात एक खाच आहे. डोळ्यांना जिथे टोक दिसतं त्याच्या थोडं पुढे खरं टोक असतं. म्हणून एडी करंटनं टोक शोधून, पुढे भोक पाडून, मग त्या भोकाची आतली कड पुन्हा तपासायची.

कायमच्या दुरुस्तीत तडा गेलेला तुकडाच कापून काढतात. कापलेल्या जागेचे कोपरे गोलसर ठेवायचे, कारण टोकदार कोपरा म्हणजे नव्या तड्याला आमंत्रण. त्या खिडकीत तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवायचा, वरून त्याहून मोठी पट्टी, जिला डब्लर म्हणतात, मध्ये सीलंट, आणि रिवेटच्या कित्येक ओळी. किती ओळी, किती अंतरावर, कडेपासून किती आत, हे सगळं विमान बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्तीच्या पोथीत दिलेलं असतं. आम्ही तिला एसआरएम म्हणतो. नुकसान पोथीबाहेरचं असेल तर कंपनीच्या इंजिनिअरांकडून खास आराखडा येतो.

नव्या पोरांची एक चूक हमखास होते. त्यांना वाटतं, पट्टी जितकी जाड तितकी दुरुस्ती पक्की. गोधडी शिवणाऱ्या आजीला विचारा. विरलेल्या लुगड्याला जाड कापडाचं ठिगळ लावलं तर ते ठिगळ फाटत नाही, ठिगळाच्या टाक्याला लागून लुगडंच फाटतं. पत्र्याचंही तेच. जाड पट्टी भार स्वतःकडे ओढते, आणि तो भार ज्या पहिल्या ओळीतून पट्टीत शिरतो, तिथे खालच्या पत्र्यावर अतोनात ताण येतो. म्हणून पट्टी कडेला पातळ होत जावी लागते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बाहेरून पट्टी असल्यामुळे तिच्याखालचा तडा बाहेरून दिसत नाही.

२५ मे २००२ ला तैपेईहून हाँगकाँगला निघालेलं चायना एअरलाइन्सचं बोइंग ७४७ पेंघू बेटांजवळ हवेतच फुटलं. २२५ माणसं गेली. कारण सापडलं ते २२ वर्षांपूर्वीचं. फेब्रुवारी १९८० मध्ये हाँगकाँगला उतरताना विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि पोटाच्या पत्र्यावर ओरखडे उठले होते. तो खरवडलेला पत्रा कापून काढायला हवा होता. तसं न करता ओरखड्यांवरच डब्लर बसवला, तोही ओरखड्यांच्या पुढे पुरेसा न नेता. ओरखडे आत तसेच राहिले. प्रत्येक उड्डाणात धड फुगलं, बसलं, आणि पट्टीखाली त्या ओरखड्यांमधून तडा वाढत गेला. एकच सलग तडा १५ इंचांवर गेला होता. अपघाताच्या सहा महिने आधी काढलेल्या फोटोंमध्ये पट्टीच्या कडेला डाग दिसतात. जुन्या विमानांवरच्या अशा सगळ्या पट्ट्यांची फेरतपासणी करायचा नियम तोवर आलेला होता. या विमानाची पाळी नोव्हेंबर २००२ मध्ये होती.

जपान एअरलाइन्सच्या १२ ऑगस्ट १९८५ च्या अपघाताची मुळंही दुरुस्तीतच आहेत. १९७८ मध्ये ओसाकाला शेपटी घासल्यावर मागच्या दाब-भिंतीच्या, म्हणजे केबिनमधली दाबलेली हवा मागे अडवणाऱ्या भिंतीच्या, सांध्यात एक सलग पट्टी यायला हवी होती. ती दोन तुकड्यांत कापून बसवली गेली, आणि दोन ओळींनी घ्यायचा भार रिवेटच्या एकाच ओळीवर आला. ती दुरुस्ती विमान बनवणाऱ्या कंपनीच्याच माणसांनी केली होती. सात वर्षं ती टिकली, मग भिंत फुटली. ५२४ पैकी ५२० माणसं गेली.

शेपटी घासल्यावर ही दोन्ही विमानं लगेच पडली नाहीत. दोन्हीकडे दुरुस्ती झाली, सह्या झाल्या, आणि माणसं निश्चिंत झाली. मला न दुरुस्त केलेल्या, पण ठाऊक असलेल्या तड्याची इतकी भीती वाटत नाही, जितकी चुकीच्या पट्टीखाली झाकलेल्या तड्याची वाटते.

म्हणूनच २०१९ मध्ये पिकल फोर्कला तडे सापडल्यावर पट्टी मारायचा विचार झाला नाही. भागच बदलायचा ठरला. हे काम दोन-तीन आठवडे चालतं. पंख आणि धड यांना धरून ठेवणारा भाग काढायचा म्हणजे आधी सगळं विमान जॅकवर उचलून, ठिकठिकाणी टेकू देऊन, त्याचा आकार तसूभरही हलणार नाही असं करावं लागतं. आकार हलला आणि तसाच नवा भाग घट्ट केला, तर तो ताण कायमचा आत कोंडला जातो आणि नवा तडा तिथूनच सुरू होतो.

दुरुस्ती झाली की तिची नोंद विमानाच्या नकाशावर होते. प्रत्येक विमानाचा असा नकाशा असतो, त्यात अंगावरचा प्रत्येक पोचा आणि प्रत्येक पट्टी मापासकट मांडलेली असते. कधी केली, कोणत्या आराखड्यानं केली, पुन्हा कधी उघडून पाहायची, सगळं. जुन्या विमानाच्या तपासणीला मी नकाशा हातात घेऊन त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचो, पट्टीवर हात ठेवायचो आणि कागदावर खूण करायचो. कधीतरी अशी एखादी पट्टी लागायची जी अंगावर आहे आणि नकाशावर नाही. पेंट तिच्यावर इतक्या वेळा चढलेला असायचा की कडा बोटांनाच कळाव्यात. मग बाकीचं काम बाजूला राहायचं. जुन्या मालकाकडून तिचा कागद मागवायचा. तो आला नाही तर रिवेट एकेक करून काढायचे, पट्टी उचलायची, खालचा पत्रा पुसायचा आणि प्रोब टेकवायचा.